बाईस पायरी

सोनाजीने पहारेचे टोक दगडाखाली सरकवले, दुसऱ्या टोकावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला,

"हं. दाब आता."

कडूबानेही आपली पहार दाबली. जुना चुना कुरकुरला आणि दगड बोटभर वर आला. कडूबाने चटकन फटीत लाकडाची पाचर सारली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"लई वरसं बसलाय ह्यो, दाजी. बूड हलवायला तयार नाय. तुमच्यावानीच."

"बडबड कमी कर. बोटं संभाळ."

मुरडगडाच्या वरच्या दरवाजाला जाणारी ही वाट फर्दापूरच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात उघडीच असते. खालच्या दरवाजापासून वरच्या दरवाजापर्यंत डोंगराच्या काळ्या पाषाणातच बावीस पायऱ्या कोरलेल्या आहेत. एकेक पायरी गुडघ्याएवढी उंच. पण डाव्या हाताला, भिंतीच्या कडेने, प्रत्येक पायरीला एक करडा दगड लावलेला आहे. पायरीच्या बरोबर निम्म्या उंचीचा, तिची मागची अर्धी जागा व्यापणारा. त्या बाजूने चढले की बावीसच्या चव्वेचाळीस पायऱ्या होतात. एकाच जिन्यात दोन जिने. वाटेच्या तोंडाशी गंजलेल्या पत्र्याची एक जुनी पाटी आहे. तिच्यावर एवढेच लिहिले आहे : बाईस पायरी.

हे बावीस करडे दगड काढायचे काम सोनाजीला मिळाले होते. पुरातत्त्व खात्याच्या अहवालात लिहिले होते की ते नंतरच्या काळात कोणीतरी बसवले. ते काढले की जिना मूळ रूपात येईल. काम वरून सुरू केले होते. हा पहिलाच दगड. गुरुवारी साहेब पाहणीला येणार होते, आणि आज सोमवार होता.

खालून प्रेरणा चढत आली. खात्याच्या वतीने या कामावर देखरेख करायला नेमलेली ही मुलगी रोज गारखेड्याहून गाडी घेऊन यायची. डोक्याला रुमाल, पाठीला पिशवी, हातात मोजपट्टी. ती भिंतीच्या बाजूनेच चढत होती, एक हात भिंतीवर टेकवून.

"काका, निघाला का पहिला?"

"निघंल. आत्ता हलला."

"बघा मॅडम," कडूबा म्हणाला, "तुमी बी बाईच्याच बाजूनं आल्या. उद्या ती बाजू नाय राहायची. मंग गुडघे धरून बसावं लागंल."

"कडूबामामा, तुम्हाला माझ्याच गुडघ्यांची काळजी का?"

"आमच्या बाईचे गुडघे बघितलेत ना मी."

सोनाजीने पहार उचलली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

कडूबाची 'बाई' म्हणजे त्याची थोरली बहीण, बानाबाई. सोनाजीची बायको. ती जाऊन आठ महिने झाले होते.

गडाखालच्या वाडीत या जिन्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. किल्लेदाराने गवंड्याला सांगितले, पायऱ्या इतक्या उंच कर की शत्रू वर येईपर्यंत त्याचा दम गेला पाहिजे. गवंड्याने केल्या. मग किल्लेदाराची बायको आली. ती पायाने अधू. खालच्या दरवाजाशी उभी राहिली आणि वर बघत राहिली. किल्लेदाराने गवंड्याला परत बोलावले आणि म्हणाला, बाईस पायरी करून दे. बाईस म्हणजे बाईला. म्हणून नाव पडले बाईस पायरी.

बानाबाईचा या गोष्टीवर पक्का विश्वास होता, आणि त्याला तिच्याकडे पुरावाही होता. कडूबा तरुणपणी पुण्याकडे कामाला होता तेव्हा महिन्याला एक पोस्टकार्ड टाकायचा. कार्डाची पहिली ओळ ठरलेली असायची : 'तीर्थस्वरूप बाईस कडूबाचा शिरसाष्टांग नमस्कार.' बानाबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती कार्डावर बोट ठेवून सोनाजीला दाखवायची.

"हे काय लिवलंय? बाईस. म्हंजी बाईला. मला. मंग तिथं बाईस लिवलं तर त्याचा अर्थ बदलंल व्हय?"

"अगं येडे, तिथं पलटण होती. ते लोक दखनी बोलायचे. अठरा, उन्नीस, बीस, इक्कीस, बाईस. बाईस म्हंजी बावीस. मोज, बावीसच भरतेत."

"माझ्या बाजूनं चव्वेचाळीस भरतेत."

"ते मागून कुणीतरी चिकटवलेत. शत्रूला जिना करून देणारा किल्लेदार असतो व्हय कुठं?"

तीस वर्षे हे भांडण चालले. भांडण म्हणजे तरी काय, नवरात्रात वरच्या देवीला जाताना दर वर्षी एकदा व्हायचे. सोनाजी मेंढरे राखणाऱ्या घरातला. पाय लांब, छाती भक्कम. पुढे दगडाच्या कामात पडला तरी चाल तीच राहिली. तो उंच बाजूने बावीस ढांगांत वर पोचायचा आणि दरवाजातून खाली बघून ओरडायचा, "आली का?" बानाबाई भिंतीला हात लावून एकेक दगड चढायची. शेवटच्या नवरात्रात ती मध्येच थांबली आणि तिथूनच म्हणाली,

"ज्यानं ह्या पायऱ्या केल्या त्यो बायकूसंगं चढला असंल. तुमच्यावानी वर जाऊन बोंबलला नसंल."

खालून येणाऱ्या बाया हसल्या होत्या. सोनाजीही हसला होता, वरूनच.

"दाजी, कुठं हरवले? दाबू का?"

"दाब."

दगड सुटला. दोघांनी तो बाजूला सरकवून भिंतीला टेकवून ठेवला. खाली चुन्याचा भुगा होता. सोनाजीने तो आधी हाताने लोटला, मग झाडू मागितला. झाडून झाल्यावर पाण्याची बाटली ओतली. काळा पाषाण ओला होऊन चमकला.

तो खाली वाकून बघत राहिला. मग उकिडवा बसला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"काय, नाग निघाला का काय?" कडूबा म्हणाला.

सोनाजीने ओल्या पाषाणावर तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला. छिन्नीचे वार हाताला लागत होते. तिरपे, एकाशेजारी एक, धार असलेले. काल सुट्टी करून गेलेल्या माणसाने मारावेत तसे. त्याने हात उजवीकडे सरकवला. करडा दगड जिथपर्यंत होता तिथे वार संपले आणि त्याच पायरीचा उघडा भाग सुरू झाला. तो ताटासारखा गुळगुळीत, खोलगट झिजलेला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "जरा इथं या. हात लावा."

प्रेरणाने हात लावला.

"खरखरीत आहे."

"आता इकडं."

"गुळगुळीत." तिने पुन्हा एकदा दोन्हीकडे हात लावून बघितला. "म्हणजे?"

"म्हंजी ह्या जागी माणसाचा पायच पडला नाय. कधीच नाय. पायरी कोरली आन् लगोलग वर दगड बसवला. शंभर-दोनशे वरसांनी बसवला असता तर खाली झीज दिसली असती."

प्रेरणा उभी राहिली. तिने पिशवीतून अहवालाची प्रत काढली, पान उलटले आणि त्याच्यासमोर धरले.

"काका, हे तुम्हीच सांगितलं होतं मला. मागच्या वर्षी तुमच्या ओट्यावर बसून. मी लिहून घेतलं." तिने वाचून दाखवले. "'स्थानिक जाणत्या कारागिरांच्या माहितीनुसार करडे दगड उत्तरकालीन असून नावातील बाईस हा शब्द संख्यावाचक आहे.' जाणते कारागीर म्हणजे तुम्ही."

सोनाजीला ते आठवत होते. ओट्यावर चटई टाकली होती. तो बोलत होता आणि ही मुलगी भराभर लिहीत होती. शहरातली शिकलेली मुलगी आपले बोलणे लिहून घेते आहे म्हणून त्याला बरे वाटले होते. बानाबाई दाराशी बसून ज्वारी निवडत होती. 'बायकांच्या गोष्टी हायेत त्या, नका लिहू,' असे तो म्हणाला, तेव्हा ती सूप घेऊन आत निघून गेली. चहा बराच वेळ आला नाही. आला तेव्हा साखर नव्हती.

"म्या सांगितलं होतं," तो म्हणाला. "चुकीचं सांगितलं."

कडूबाने पहार खाली ठेवून सोनाजीकडे बघितले. तीस वर्षांत दाजींच्या तोंडून त्याने हे वाक्य ऐकले नव्हते.

"असं कसं काका? गुरुवारी सर येणार आहेत. अहवालाखाली माझी सही आहे." तिने करड्या दगडावर बोट ठेवले. "आणि बघा ना, दगडसुद्धा वेगळा आहे. पायऱ्या काळ्या, हे करडे. एकाच वेळचं काम असतं तर एकाच दगडाचं नसतं का?"

"नसतं. डोंगर कोरताना जो माल निघतो त्यो तुकडे होऊन निघतो. त्याचा एवढा अखंड चिरा मिळत नाय. चिरा पायजे तर खाणीतूनच आणावा लागतो. माझ्या घराला बी दोन जातीचा दगड हाय. मी काय दोन येळा बांधलं?"

"कदाचित या बाजूनं कुणी चढतच नसेल. म्हणून झिजलं नसेल."

सोनाजीने भिंतीकडे बोट दाखवले. कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीच्या सगळ्या लांबीभर, दगड तेल लावल्यासारखा चमकत होता.

"हे हातानं झालंय. तुमी बी आत्ता तिथंच हात लावून आल्या. चढणारा माणूस भिंत सोडतो व्हय?"

प्रेरणाची मान अजून हललेली नव्हती, हे सोनाजीने बघितले. त्याला ते आवडले. कोणी सांगितले म्हणून लगेच मान डोलावणाऱ्या माणसांचे काम पुढे बिघडते, हे त्याने पुष्कळदा बघितले होते. मागच्या वर्षी तिने अशी मान डोलावली नसती तर बरे झाले असते.

"एका दगडावर नका जाऊ," तो म्हणाला. "तुमी सांगाल त्यो अजून एक काढतो. कोणता बी. खाली झीज निघाली तर संध्याकाळपर्यंत बाकीचे समदे काढून ठेवतो, आन् परत तोंड उघडत नाय."

"आणि नाही निघाली तर?"

"तर हे दोन परत बसवू."

ती खाली बघत होती. जिना सरळ खाली गेला होता. एका बाजूला मोठी पावले, एका बाजूला छोटी.

"खालून सातवा," ती म्हणाली.

"चला, सातवा."

कडूबाने पहारी खांद्यावर घेतल्या. उतरताना तो सोनाजीच्या कानाशी आला.

"दाजी, झीज निघाली तर?"

"तर काढायचे."

"आन् बाईचं?"

"बाईचं काय? दगड कुणाची बाजू घेत नाय."

हे तो ठामपणे म्हणाला. पण सातव्या दगडापाशी पोचल्यावर त्याने पहार लगेच लावली नाही. सावलीत बसून आधी भाकरी खाऊ म्हणाला. फडके सोडले. त्याने स्वतः थापलेली भाकरी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला करपलेली होती. कडूबाने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता त्याच्यापुढे ठेवली आणि त्याची अर्धी स्वतः घेतली.

"दाजी, ही भाकर बी बावीस आन् चव्वेचाळीसच हाय. एकीकडं उंच, एकीकडं बुटकी."

प्रेरणाला हसू आले. सोनाजीलाही आले. त्याने ती जाड कड मोडून तिच्या हातावर ठेवली.

"खा. पोटात गेल्यावर सारखीच होती."

सातवा दगड वरच्यापेक्षा घट्ट निघाला. चुना दगडासारखा झाला होता. सोनाजीने छिन्नीने चारी बाजूंनी सांधे मोकळे केले. त्याला अर्धा तास लागला. प्रेरणा शेजारी उभी होती. ती एकदाही म्हणाली नाही की पटकन करा. मग पहारी लागल्या, पाचर गेली, दगड हलला आणि सरकला.

सोनाजी मागे झाला.

"तुमीच झाडा," तो म्हणाला. "मी हात लावत नाय."

तिने झाडले. पाणी ओतले. मग ती वाकली, आणि बराच वेळ वर आली नाही. कडूबाने सोनाजीकडे बघितले. सोनाजी खालच्या दरवाजाकडे बघत होता.

"काका," प्रेरणा म्हणाली. "इथं एक रेघ आहे."

तो आला. वार तसेच होते, तिरपे, धारदार, एकही न झिजलेला. आणि त्यांच्या कडेने, करडा दगड जिथे संपत होता तिथेच, पाषाणात एक सरळ रेघ कोरलेली होती. बारीक, सुतळीएवढी रुंद, दगडाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत.

सोनाजी गुडघ्यावर बसला. त्याने नख रेघेत घातले आणि ओढत नेले.

"आखणी हाय ही," तो म्हणाला. "दगड कुठवर बसवायचा त्याची खूण. आपण खडूनं मारतो, त्यानं छिन्नीनं मारली. पायरी कोरतानाच त्याला ठावं होतं."

"म्हणजे आधीपासूनच ठरलेलं होतं."

"आधीपासून."

प्रेरणाने फोटो काढले. मोजपट्टी लावून पुन्हा काढले. नंतर ती चार पायऱ्या खाली गेली, जिथे फोनला रेंज लागते तिथे, आणि पाठ करून उभी राहिली. तिचे बोलणे वर ऐकू येत होते.

"नाही सर. उत्तरकालीन नाहीत... हो, अहवाल माझाच आहे... चूक माझी आहे सर, मी फक्त विचारलं, उचलून बघितलं नाही... नाही, आता बघितलंय. दोन ठिकाणी... तुम्ही गुरुवारी या सर. या आणि हात लावून बघा."

ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"काय म्हणले साहेब?"

"दहा मिनिटं बोलले. मग म्हणाले काम थांबवा, बावीसच्या बावीस आहेत तसे राहू देत, मी बघतो." तिने श्वास सोडला. "काका, मग ती गोष्ट खरी म्हणायची? किल्लेदाराच्या बायकोची?"

"ते मी कुठं म्हणतो? दगड एवढंच सांगतो, की दोन्ही बाजू एकाच गवंड्यानं, एकाच कामात केल्या. कुणासाठी केल्या ते त्याला कोण विचारणार?"

"नवीन पाटी लावायची आहे. त्यावर काय लिहू? बावीस की बाईला?"

सोनाजीने विचार केला.

"जुन्या पाटीवर हाय तेच लिहा. बाईस. ज्याला जे वाचायचं त्यो ते वाचंल."

"आता कसं बोलले!" कडूबा म्हणाला. "तीस वरसं लागली ह्या माणसाला. माझी कार्डं असतील अजून घरात, मॅडम. पुरावा म्हणून जोडा."

"हायेत," सोनाजी म्हणाला. "तिच्या पेटीत. समदी हायेत."

दुपार उतरेपर्यंत दोन्ही दगड पुन्हा बसले. सोनाजीने नवा चुना हाताने कालवला, सांध्यांत भरला आणि ओळंबा लावून बघितला. सातवा दगड रेघेला जाऊन भिडला. सुईही जाणार नाही इतका. कडूबाने हत्यारे गोळा केली. प्रेरणाची गाडी खाली सुरू झाली होती. कडूबाला ती फाट्यापर्यंत सोडणार होती.

"दाजी, चला. गाडीत जागा हाय."

"तू हो पुढं. वरचा चुना एकदा बघून येतो."

"वर चढायचं म्हणता आता? दिवसभर काम करून?"

"बावीस तर हायेत."

कडूबा गेला. सोनाजी वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. उन्हे तिरपी झाली होती आणि पायऱ्यांची झीज आता उन्हात स्पष्ट दिसत होती. त्याच्या उंच बाजूची झीज. चाळीस वर्षे त्याने ती बघितली होती, पण ती कुठे आहे हे बघितले नव्हते. ती दरीच्या बाजूला, मोकळ्या कडेला नव्हती. मधोमधही नव्हती. एकूण एक पायरीवर ती डावीकडे, करड्या दगडाला चिकटून होती. उजवीकडची मोकळी जागा सोडून उंच बाजूची सगळी माणसे तिथूनच चढली होती, छोट्या पायऱ्यांवरून चढणाऱ्याच्या अगदी शेजारून.

त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि पहिल्या मोठ्या पायरीवर पाय ठेवला. वर गेला. दुसरी पायरी समोर होती. त्याचा पाय सवयीने उचलला गेला, आणि त्याने तो परत खाली टेकवला.

डावीकडच्या करड्या दगडावर एक पाऊल पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो थांबला. मग पुढची पायरी चढला. तिथेही थांबला.

खाली गाडीत बसलेल्या कडूबाने मान वळवून वर बघितले.

"थकले का काय दाजी," तो प्रेरणाला म्हणाला. "असं चढताना कधी बघितलं नव्हतं त्यास्नी."

प्रेरणाने गाडी सुरू ठेवली, पण गिअर टाकला नाही. सोनाजी दरवाजाशी पोचेपर्यंत बराच वेळ लागला. तिथे त्याने मागे वळून खाली बघितले नाही. तो थोडासा उजवीकडे सरकला, दारात दोघांपुरती जागा होईल एवढा, आणि आत गेला.